पाचवं कारण

मोटार विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर नोकरी केलेल्या माणसाच्या कानावर देवाचं नाव फार पडतं. गाडी दरीत जाऊन झाडाला अडकलेली असते, ड्रायव्हर हाताला प्लास्टर घालून समोर बसलेला असतो, आणि जबाब लिहून घेताना ठरलेली वाक्यं येतात: ब्रेक लागलाच नाही, म्हैस एकदम आडवी आली, समोरच्याने डिपर मारला आणि काही दिसेना. शेवटचं वाक्य मात्र बहुतेक सगळ्यांचं एकच. देवाची कृपा म्हणून वाचलो. शेजारी सर्व्हेअरचा रिपोर्ट पडलेला असायचा. टायर गुळगुळीत, परवान्यापेक्षा जास्त माल. त्या माणसाचं आभार मानणं मला कधी खोटं वाटलं नाही. मरणाच्या दारातून परतलेल्याने हात जोडायचे नाहीत तर कुणी? पण अपघाताचं कारण लिहायचा रकाना मला भरायचा असायचा. पूर, वीज, वादळ, दरड यांना आमच्याकडे दैवी आपत्ती म्हणत. दैवाच्या खात्यावर नक्की काय टाकायचं, या प्रश्नाने निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडली नाही.

आमचं घर साताऱ्याचं, माळकरी. माझे धाकटे काका, तात्या, कीर्तन करतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: कर्म ज्याच्या आधाराने घडतं ते अधिष्ठान, करणारा कर्ता, त्याची साधनं, त्याच्या नाना हालचाली, आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरीत ती एकेक करून उलगडली आहेत. तात्यांच्या तोंडून मी ती लहानपणापासून इतक्यांदा ऐकली की ऑफिसात फाइल उघडली की रस्ता, ड्रायव्हर, गाडी, त्याने काय केलं, अशी चार बोटं आपोआप मिटायची. मग पाचव्याकडे जायचं. याज्ञवल्क्यस्मृतीत तर रथाचाच दाखला आहे. एका चाकावर रथ चालत नाही, तसं माणसाच्या प्रयत्नाशिवाय दैव सिद्धीला जात नाही. योगवासिष्ठातले वसिष्ठ याहून कडक बोलतात. त्यांच्या मते दैव म्हणून निराळं काही नाहीच, माणसाने पूर्वी केलेल्या प्रयत्नालाच लोक ते नाव देतात. इतकं टोकाचं मला पटत नाही. का, ते पुढे येईल.

मागे एका सप्टेंबरात मुलीबरोबर आइसलँडला गेले. ती डब्लिनला नोकरीला असते. तिच्याकडे परवाना आहे, पण घाटाची सवय नाही, म्हणून गाडी मी चालवायची असं ठरलं. निघताना आईने पालीच्या खंडोबाचा भंडारा कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. तो गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवला आणि भाड्याच्या गाडीचे कागद वाचायला बसले. जन्मभर तेच केलं होतं. काचेवर खडी उडाली तर त्याचा विमा वेगळा, वाळू आणि राखेने रंग खरवडला तर त्याचा वेगळा. पण वाऱ्याने दार उलटं फिरून मोडलं किंवा नदीच्या पाण्यातून गाडी घातली, तर बहुतेक कंपन्यांचा विमा हात वर करतो. मुलगी म्हणाली, "आई, दार मोडतं? वाऱ्याने?" मोडतं. तिथे गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करायचं आणि दार दोन्ही हातांनी धरून बोटभर बोटभर उघडायचं, हे आम्ही पहिल्याच पेट्रोल पंपावर शिकलो.

तिथे गाड्या उजवीकडून चालतात. पूर्वी आपल्यासारख्या डावीकडून चालत. 26 मे 1968 ला सगळ्या देशाने बाजू बदलली. आपल्या हाताला ते असं एका दिवसात जमत नाही. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर फिरायला लागतात. भर दुपारीही दिवे लावूनच चालवायचं. वस्तीत ताशी 50, खडीच्या रस्त्यावर 80, डांबरीवर 90. डांबर संपून खडी सुरू होते तिथे वेग आधीच उतरवावा लागतो, खडीवर चाक आलं की ब्रेक दाबून उपयोग नसतो. एकेरी पूल पुष्कळ. जो पुलाच्या जवळ पोहोचला तो आधी जातो, दुसरा थांबतो, आणि जाणारा स्टिअरिंगवरचा हात जरासा उचलतो. आपल्या घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची रीत आहे, त्याच जातीची ही रीत.

मेंढ्यांचं मात्र निराळंच. आई रस्त्याच्या एका अंगाला चरत असते, कोकरू दुसऱ्या अंगाला. गाडीचा आवाज आला की आई मान वर करून जागच्या जागी उभी राहते. कोकरू घाबरतं, आणि घाबरलं की त्याला एकच दिशा ठाऊक असते, आईची. म्हणजे नेमकी रस्ता ओलांडून, गाडीच्या पुढून. एक मेंढी दिसली की दुसऱ्या बाजूला नजर टाकायची हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नसेल. पाहुण्याला ते कुणी सांगितलं नाही आणि कोकरू चाकाखाली गेलं, तर तो घरी येऊन काय सांगेल? एकदम आडवं आलं, हेच. आणि त्याच्यापुरतं ते खरंही असेल. त्याला दैव वाटेल ते तिथल्या मेंढपाळाला दैव वाटणार नाही. म्हणजे अज्ञानही या पाचव्या खात्यात टाकलं जातं, आणि परक्या मुलुखात आपलं अज्ञान सगळ्यात मोठं असतं. ते कमी करण्याचा एकच मार्ग, तिथल्या माणसाचं ऐकणं. मला यात धर्माचा भाग दिसतो. आपण अतिथीला देव म्हणतो. अतिथीनेही यजमानाच्या घराचे नियम देवघरातल्यासारखे पाळावेत.

दक्षिण किनाऱ्यावर एका शेतघरात आम्ही उतरलो होतो. सकाळी उठून बघतो तर पुढचा रस्ता वाऱ्यामुळे बंद. तिथलं रस्ते खातं नकाशावर रस्त्यांची स्थिती रंगांत दाखवतं आणि 1777 या फोनवर सांगतंही. रस्त्याकडेच्या विजेच्या पाट्यांवर वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते आकडे झळकत असतात. खिडकीतून बघितलं तर निळं आकाश, लख्ख ऊन. गवत तेवढं जमिनीला चिकटलेलं. न्याहारीच्या टेबलावर आमच्यासारखंच पाहुणं असलेलं एक तरुण जोडपं होतं, आपल्याच देशातलं. तो मुलगा म्हणाला, "आँटी, इतकं कडक ऊन पडलंय. जे व्हायचं ते होईल. देव बघून घेईल." चांगला मुलगा होता तो. गळ्यात गुरूंचा फोटो होता आणि बोलण्यात खरा भाव होता. माझ्या मुलीनेही माझ्याकडे बघितलं. "आजीचा भंडारा आहे ना गाडीत."

घरमालकीण चहाची किटली घेऊन उभी होती. तिचा मुलगा मेंढ्या पाळतो, आणि त्या भागातल्या बचाव पथकात आहे. आइसलँडमध्ये वादळात अडकलेल्याला काढायला जातात ते असे लोक. 1928 मध्ये तिथे समुद्रावरच्या बचावासाठी एक संस्था निघाली. 1999 मध्ये ती आणि जमिनीवरची पथकं एकत्र येऊन लान्द्सब्योर्ग नावाची देशभरची संघटना झाली. चार लाखांच्या आतल्या लोकवस्तीत त्यांची नव्वदच्या वर पथकं आहेत. पगार कुणालाच नाही. नववर्षाच्या रात्री देश फटाके उडवतो ते बरेचसे यांच्याकडून विकत घेतलेले असतात, नोव्हेंबरात किल्लीला लावायचा एक छोटा बाहुला ही माणसं दुकानांच्या दारात उभी राहून विकतात, त्यातून दोर, जीप आणि बर्फावरच्या गाड्या येतात. मुलगा आत आला तेव्हा मी विचारलं, बंद रस्त्यावर गेलेल्यांना आणायला रात्री जावं लागतं, राग येत नाही? तो जरा विचार करून म्हणाला, "मला नाही येत. आई मात्र त्या रात्री झोपत नाही." घरमालकीण किटली ठेवून आत निघून गेली.

देव बघून घेईल असं म्हणताना आपण कुणाच्या दारावर थाप मारतो, हे घरमालकिणीच्या मुलाच्या त्या वाक्याने मला दाखवलं. मी ज्याला दैव म्हणून मोकळी होते ते जवळ जाऊन बघितलं तर कुणाचं तरी कर्म निघतं. रात्री उठून घातलेले बूट, चालू केलेली जीप, एका आईचं जागरण. साताऱ्यातही एक आई जागी असणार होती, पण ती माझी. तिला जागवायचा हक्क थोडाफार मला आहे. या बाईला जागवायचा हक्क मला कुणी दिला? 2018 च्या जुलैत आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहक होते. पावसात, निसरड्या कातळावर, खाली काय बघायला मिळणार हे माहीत असून. आपल्याकडे असल्या माणसांना लोक देवदूत म्हणतात, आणि एकदा देवदूत म्हटलं की त्यांचं थकणं, त्यांची बायकापोरं, त्यांना पुढे पडणारी स्वप्नं यांची चौकशी करावी लागत नाही.

आम्ही थांबलो. ते जोडपंही थांबलं, कारण रस्ताच बंद होता. दुपारभर त्या मुलाशी मी या पाच कारणांवर बोलत बसले. त्याने चांगला प्रश्न विचारला: मग श्रद्धेला जागा कुठे राहिली? नुसती काळजीच घ्यायची असेल तर देव कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी स्केइदारारसांदूर ओलांडताना मी मनात त्याचंच उत्तर शोधत होते. हा वाळूचा आणि काळ्या गोट्यांचा अफाट पट्टा वात्नायोकुल हिमनदीतून वाहून आलेल्या पाण्याने तयार झाला आहे. 1974 मध्ये इथे लांबच लांब एकेरी पूल झाला आणि देशाला फेरी घालणारा रस्ता पहिल्यांदा पुरा झाला. 1996 च्या सप्टेंबरअखेरीस वात्नायोकुलच्या बर्फाखाली ज्वालामुखी फुटला. वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखाली साठत राहिलं आणि 5 नोव्हेंबरला सगळं एकदम बाहेर आलं, घराएवढे बर्फाचे तुकडे घेऊन. पुलाच्या काही भागाचं नावनिशाण उरलं नाही. पिळवटलेल्या दोन पोलादी तुळया रस्त्याकडेला अजून ठेवल्या आहेत. मी गाडीतून उतरून त्यांच्यावर हात फिरवला. एवढं जाड पोलाद आणि कडा ओल्या मातीसारख्या दुमडलेल्या. माझ्या टेबलावर आली असती तर ही फाइल बिनशर्त दैवी आपत्ती. पण त्या पुरात एकही माणूस मेला नाही. पाणी साठतंय हे शास्त्रज्ञ सांगत होते, आणि रस्ता आधीच बंद केला होता. काही आठवड्यांतच तात्पुरता रस्ता करून वाहतूक चालूही झाली. दैवाने त्याचा पुरा वाटा उचलला आणि माणसांनी त्यांचा. पूल गेला, माणसं राहिली. वसिष्ठांचं का पटत नाही ते इथे सांगता येतं. बर्फाखालची आग कुणाच्या पूर्वीच्या प्रयत्नाचं फळ नाही. ती आहे, आणि आपल्या आधीपासून आहे.

तिथून पूर्वेला वळलो. एगिल्सस्तादिरहून समुद्राकाठच्या बाक्कागेर्दी गावाला जाणारा रस्ता आधी वात्न्सकार्दची खिंड चढतो. वर धुकं इतकं उतरलं होतं की रस्त्याकडेच्या पिवळ्या खुंट्या एकीमागून एक मोजत जावं लागलं; दुसरी दिसल्याशिवाय पहिली सोडायची नाही. मुलगी गप्प होती. खाली उतरल्यावर न्यार्दविकचा उतार लागतो. एका बाजूला सैल दगडगोट्यांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, आणि मधे रस्ता. वरून खडे सुटलेले दिसतात. तिथे रस्त्यालगत एक लाकडी क्रूस उभा आहे. या उतारावर नाद्दी नावाचा राक्षस वाटसरूंना गाठून मारायचा, अशी कथा सांगतात. एका शेतकऱ्याने त्याच्याशी झुंजून त्याला समुद्रात ढकललं आणि मग हा क्रूस उभारला. त्यावरच्या लॅटिन लेखात 1306 हे वर्ष आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वाकून ख्रिस्ताला वंदन करावं असं सांगितलं आहे. वाटसरू इथे गुडघे टेकून प्रार्थना करत आणि पुढे जात.

मला बोरघाटातला शिंगरोबा आठवला. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवून झाल्यावर त्याला मारलं अशी कथा. त्याच्या देवळापाशी गाड्यांतून नाणी पडतात. दोन्हीकडे जागा तीच आहे, जिथे डोंगर वरून कधी येईल सांगता येत नाही. माणसांनी देव मांडले ते उगाच कुठेही मांडले नाहीत. हात जिथे पुरत नाही तिथेच मांडले.

माझ्या टेबलावरची एक फाइल मी विसरू शकत नाही. जीपचा ड्रायव्हर, पाऊस वाढला म्हणून घाटात टपरीजवळ गाडी बाजूला घेऊन थांबलेला. टायर नवे, कागद चोख, दारू नाही, घाई नाही. डोंगर त्याच जागेवर आला. त्याची बायको सह्या करायला आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं?" मी म्हणाले, "काहीच चुकलं नाही." कारणाच्या रकान्यात दरड लिहिलं. चारही बोटं मिटून झाली होती आणि पाचवं तसंच उभं होतं. त्या बाईला याज्ञवल्क्याचा रथ सांगून उपयोग नव्हता आणि वसिष्ठ तर तिच्यासमोर मला निर्दय वाटले असते. पूर्वीच्या जन्मी काही केलं असेल, हे वाक्य जो तिच्यापुढे बोलेल त्याच्याशी मी आजही भांडेन. तिच्यासाठी मला देव लागतो. हिशोब देणारा नको, तिच्याजवळ बसणारा.

त्या मुलाला द्यायचं उत्तर मला उतारावर, गाडीतून उतरून क्रूसासमोर उभी राहिल्यावर सुचलं. काळजी घेतल्याने देवाची जागा कमी होत नाही. उलट जिथे माझंच काम त्याच्या गळ्यात घातलेलं असतं, तिथे त्याची जागा मी अडवून ठेवलेली असते. गुळगुळीत टायर घेऊन मागितलेली कृपा ही मला भक्ती वाटत नाही, ती उधारी आहे, आणि ती फेडायला तिसराच कुणीतरी रात्री घराबाहेर पडतो. टायर, वेग, वारा, मेंढ्या, बंद रस्ता हे सगळं बघून झाल्यावर वरचा सैल दगड उरतो. तो खरोखर माझ्या हातात नाही. तिथे मी वाकले. परक्या देवापुढे वाकायला मला अडचण वाटली नाही. जागा वाकण्याची होती. भंडारा चिमूटभर कपाळाला लावला, मुलीलाही लावला, आणि मागणं मागितलं: आज रात्री या मुलुखात कुणाच्या मुलाला घराबाहेर पडायला लागू नये.

साताऱ्याला आल्यावर तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांना माझी ही वाटणी मान्य नाही. ते म्हणाले, "बेबी, तू देवाशी विम्याच्या टेबलावरून बोलतेस. हे माझं, ते तुझं. वारकऱ्याला असं करता येत नाही. सगळं त्याचं. करणाराही तोच." मी म्हणाले, "तात्या, सगळं त्याचं असेल तर नकाशावरची ती लाल रेघही त्याचीच. रस्ते खात्यातला पहाटे उठून वारा मोजणारा माणूसही तोच. मग माणसं त्याचं सोयीचं तेवढंच का ऐकतात?" तात्या हसले. हे त्यांना पटलं, असं मला वाटतं, कारण पुढच्या एकादशीच्या कीर्तनात त्यांनी घाटातल्या 'पुढे दरड कोसळण्याची शक्यता' या पाटीला पांडुरंगाचं बोलणं म्हटलं आणि समोरची टेम्पोवाली पोरं चुळबुळली.

पण माझ्या मागण्यावर त्यांचा आक्षेप अजून आहे. कुणाला बाहेर पडायला लागू नये, हे मागितलं खरं, पण मी नीट चालवली, थांबायचं तिथे थांबले, तर माझ्यापुरतं ते मीच पुरं करत होते. मग ते मागणं देवाकडे होतं की स्वतःकडे, असं ते विचारतात. मी म्हणते, दोघांकडे. जे मागणं मागून झाल्यावर मला पुढच्या वळणावर वेग कमी करावा लागतो, त्याला प्रार्थना म्हणायला काय हरकत आहे? तात्या म्हणतात हरकत आहे, आणि पुन्हा अठरावा अध्याय काढतात.